नऊ चिमणदिवे

मी एक प्रेस बोलतेय. वर्तमानपत्र छापणारी नव्हे. जुनी वर्तमानपत्रं पोटात घेऊन बसणारी. सागाच्या पट्ट्यांच्या दोन जाळ्या, मध्ये रद्दीची थप्पी आणि वरून आवळायला नवारीचे दोन पट्टे, एवढाच माझा देह. वनस्पतीशास्त्र शिकणारी माणसं रानातून रोपं आणतात, माझ्या कागदांत नीट पसरतात आणि पट्टे आवळतात. आठ-दहा दिवसांत रोप वाळून कागदासारखं होतं. मग ते जाड पुठ्ठ्यावर टाके घालून बसवतात आणि खाली चिठ्ठी लावतात. पुढे शंभर वर्षांनी कुणी पाहिलं तरी कळावं, की अमक्या गावच्या अमक्या टेकडीवर ही वनस्पती होती.

‘होती’ हा शब्द कुणी उच्चारला की मला अजून कसंतरी होतं. का, ते सांगायलाच आज तोंड उघडलंय. इतकी वर्षं गप्प राहिले. लाकडाला कोण विचारतं म्हणा! पण जे झालं ते माझ्या देखत झालं, माझ्या पोटात झालं, आणि त्याचा डाग माझ्या खालच्या पट्टीवर अजून आहे.

मला घडवलं धुळ्याच्या भिकन मिस्तरींनी, अठ्ठ्याऐंशी साली, ऐन मे महिन्यात. कुणाच्या तरी मोडक्या कपाटाचं सागवान त्यांच्याकडे पडून होतं. कॉलेजचे सर माप घेऊन आले तेव्हा मिस्तरींनी चष्मा कपाळावर सरकवला.

“पापड वाळवायचे का सर?”

“पाला वाळवायचा.”

“पाला? मग करायचं काय त्याचं?”

“सांभाळून ठेवायचा.”

मिस्तरींनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. पण रंधा मात्र असा मारला, की आजवर माझ्या कुसळानं कुणाच्या बोटाला रक्त आलं नाही.

सरांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. जिल्ह्यातल्या टेकड्यांवर काय काय उगवतं याची त्यांना नोंद करायची होती, आणि तीही गावातल्या माणसांना हाताशी धरून. “आपण रविवारी जातो, दोन तास हिंडतो आणि टेकडी कळली असं समजतो,” ते म्हणायचे. “गावातली माणसं बारा महिने तिथं वावरतात. त्यांना हे काम शिकवा. उद्या ती टेकडी राखायची झाली तर तेच राखणार आहेत, आपण नाही.” स्टाफरूममध्ये लोक हसायचे. “आता निंदणाऱ्या बाया शास्त्र करणार!” असं एकानं म्हटलेलं मी कपाटातून ऐकलंय. सरांचे कान लाल झाले होते.

शिकवायचं काम आलं कुंदाकडे. कुंदा सावद्याची, केळीच्या बागांतली मुलगी. एम.एस्सी. होऊन सरांच्या हाताखाली काम करत होती. अभ्यासात हुशार, अक्षर मोत्यासारखं, पण भित्री. माझ्या पट्ट्याचं बक्कल कट्‍कन वाजलं तरी तिचे खांदे वर जायचे. तिची आई मंदाबाई एकदा धुळ्याला आली, तिनं मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, “पालाच गोया करायचा व्हता, तं आपल्या केयीच्या बागात काय कमी व्हता गं?” कुंदा हसली नाही. आपलं काही चुकतंय का, या काळजीत ती कायम असायची, आणि ज्यांना ती काळजी फार असते, त्यांच्या हातून एखादी चूक झाली की ती त्यांना कबूलच करता येत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

सरांनी निवडलेलं गाव सोनगीरच्या किल्ल्यापलीकडे होतं. आग्रा रस्त्यावर एस.टी.तून उतरायचं आणि तासभर चालायचं. कुंदा मला पाठीला बांधून न्यायची. गावामागे एक लांबट टेकडी, माथ्यावर गवत, मधोमध कातळाचा एक कट्टा. शाळेच्या पत्र्याच्या पडवीत पहिला वर्ग भरला. दहा-बारा बाया, दोन-तीन गुराखी आणि मागे काठीवर हनुवटी टेकून बसलेले हिलाल आबा. आबांनी उभं आयुष्य त्या टेकडीवर गुरं चारली होती.

“गवतले नाव देवाना कारखाना काढी राहिनात का?” आबांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“नावं तुमच्याकडेच आहेत आबा,” कुंदा म्हणाली. “आम्हांला ती लिहून घ्यायची आहेत.”

“मंग लिख. पहिलं नाव लिख, हिलाल. जुनं खोड शे, पण अजून वाळेल नई.”

सगळे हसले. कुंदानं मला समोर ठेवलं, माझ्यावर आपलं रजिस्टर ठेवलं आणि सरांनी सांगितलेले नियम वाचायला लागली. पहिला नियम, रोप मुळासकट काढायचं, कंद असेल तर कंदासकट. दुसरा, फुलावर आलेलं घ्यायचं, शेंग असेल तर फारच छान. तिनं पान उलटायला बोट लावलं आणि तेवढ्यात पत्र्यावर धाडकन् आवाज झाला.

कुंदा किंचाळलीच. रजिस्टर माझ्यावरून घसरून खाली पडलं.

“वं बाई, वानर शे ते, सासू नई!” पुढे बसलेली एक उंच, काटक बाई म्हणाली, आणि पडवीभर असा हशा उसळला की वानरच घाबरून पळालं असेल. ती बाई म्हणजे वच्छलाबाई.

कुंदा लाल झाली. तिनं रजिस्टर उचललं, जे पान उघडलं गेलं तिथूनच घाईघाईनं पुढे वाचलं: कागद रोज बदलायचे, ओले कागद उन्हात टाकायचे. मधलं एक पान राहून गेलं. त्या पानावर सरांनी स्वतःच्या हातानं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या: ‘हात लावण्याआधी मोजा. विसाच्या आत असतील तर एकही काढू नका. फक्त लिहून ठेवा.’

मला ते दिसलं. रजिस्टर पडलं तेव्हा तेच पान माझ्या पट्टीला घासून गेलं होतं.

परतीच्या एस.टी.त कुंदालाही दिसलं. तिनं कपाळावर हात मारला. पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणाली. पुढच्या खेपेला सर सोबत होते. एवढा मोठा नियम आपण पहिल्या दिवशी वाचलाच नाही, हे त्यांच्यासमोर कसं कबूल करायचं? त्यापुढच्या खेपेला वाटलं, आता कशाला, काम तर झकास चाललंय. असं ते पान मागे पडत गेलं.

आणि काम खरंच झकास चाललं होतं, ते वच्छलाबाईमुळे. कॉलेजातली मुलं ज्या दोन गवतांत वर्षभर गोंधळायची, ती तिनं पहिल्याच दिवशी नुसत्या देठाला हात लावून वेगळी केली. “हाई बकरी खास. हाई खाय नई. मंग एक कसं व्हई?” मला तिनं नाव ठेवलं ‘फुलेसनी खाट’. मला ते फार आवडलं. फुलांची खाट! कॉलेजच्या यादीत मी नुसती ‘नग एक’ होते.

कागद बदलताना ती इतक्या हळू हातानं पाकळ्या पसरायची, जणू न्हाऊन आलेल्या लेकीचे केस मोकळे करतेय. सरांच्या सांगण्यावरून चिठ्ठ्या मराठीत लिहिल्या जायच्या, आणि रोप ज्यानं आणलं त्याचं नाव खाली यायचं. वच्छलाबाईला अक्षर येत नव्हतं. पण आपलं नाव ती ओळखायला शिकली. चिठ्ठी तयार झाली की त्या नावावरून बोट फिरवायची. “हाई मी का?” “हो.” “भलती लांब शे वं मी.”

आता तिच्या हाताचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या हातामुळे झालं. निंदणीला पंचक्रोशीत वच्छलाबाईसारखी बाई नव्हती. तिनं पात, म्हणजे निंदायची ओळ, धरली, की मागे काळी माती तेवढी उरायची. तण वरून तोडणं तिला ठाऊकच नव्हतं. खुरप्याचं टोक असं आत जायचं की मूळ आख्खंच्या आख्खं हातात. आणि पातीत एक काडी राहिली, तर ती अर्ध्या रस्त्यातून माघारी यायची. “एक ठी राहिनं तं बठ्ठं राहिनं,” असं ती नव्या सुनांना शिकवायची. तिच्या आईनं तिला हेच शिकवलं होतं. तीस वर्षं लोकांनी तिची शाबासकी केली, ती याच गोष्टीसाठी.

एकोणनव्वदच्या भाद्रपदात हिलाल आबांनी तिला एक गुपित दाखवलं. कातळाच्या त्या कट्ट्यावर, गवताच्या आडोशाला, वीतभर उंचीची काही रोपं होती. त्यांना फूल यायचं इवल्या कंदिलासारखं: खाली फुगीर, मध्ये नळी आणि वर पाच पाकळ्या टोकाला जुळलेल्या. आबा त्याला ‘चिमणदिवा’ म्हणायचे. लहानपणी गुराखी पोरं त्याचे कंद खणून खायची. पूर्वी टेकडीभर होते. आता त्या एका कट्ट्यावर. आबा म्हणे गेली काही वर्षं तिकडे गुरंच जाऊ देत नव्हते.

आबांनी दाखवलं, ते तिला दिसावं म्हणून. वच्छलाबाई गेली ती खुरपं घेऊन.

त्या दिवशी कुंदा शाळेच्या पडवीत माझे कागद उन्हातून गोळा करत होती. वच्छलाबाई डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीवर ओलं फडकं. तिनं पाटी उतरवली आणि फडकं असं दूर केलं, जसं कुणी लेकीच्या बाळाचं तोंड दाखवावं.

कुंदा खाली बसली. चिमणदिवा तिनं फक्त पुस्तकात पाहिला होता. “वच्छलाबाई, कुठं मिळाला? अहो, हे... हे फार दुर्मिळ आहे.” तिचे डोळे चमकत होते. तिनं एक फूल तळहातावर घेतलं आणि सांगायला लागली, की बारीकशी माशी वासाला भुलून या नळीतून आत जाते. आतले केस खाली वळलेले असतात, म्हणून तिला परत येता येत नाही. एक दिवस अडकून पडते. दुसऱ्या दिवशी केस सुकतात आणि माशी सुटते, अंगावर पराग घेऊन.

“म्हणजे सासरच व्हयनं!” वच्छलाबाई म्हणाली. “पण एक दिनम्हा सोडी देस? नशीबवान शे माशी. आमले तं कोणी सोडं नई.”

दोघी हसल्या. इतक्या मोकळेपणी हसताना मी कुंदाला त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस पाहिलं नाही. कारण हसता हसताच तिनं विचारलं, “तिथं किती होती?”

“नऊ.”

कुंदानं पाटीत पाहिलं. बोटानं मोजलं. पुन्हा मोजलं.

“आणि... मागे?”

“मागे काय? बठ्ठी लई उनू. एक बी ठेवं नई.” वच्छलाबाईच्या चेहऱ्यावर पात पूर्ण केल्याचं समाधान होतं. “कंदसुद्धा आख्खा. दख, एक बी तुटेल नई.”

कुंदाचा चेहरा पांढरा पडला. मी तिथंच होते, उघडी, कागद पसरून. मला वाटलं, आता ही बोलेल. वच्छलाबाई, चुकलं, माझंच चुकलं, चला, आत्ताच्या आत्ता परत लावू या. रोपं ताजी होती. कंदांना ओली माती होती. टेकडी अर्ध्या तासावर होती. सात तरी परत जगली असती.

तिचे ओठ हललेही. पण समोर ती बाई तिच्या शाबासकीची वाट बघत उभी होती. आणि मनात स्टाफरूम असणार: ‘बघा, निंदणाऱ्या बायांच्या हाती दिलं की काय होतं ते.’ सर आज ना उद्या विचारणार, नियम सांगितला होता ना? मग त्या वगळलेल्या पानापर्यंत सगळंच यायचं.

“छान,” कुंदा म्हणाली. “फारच छान.”

कंद जाड होते. आख्खे दाबले तर कुजतात. वच्छलाबाईनं घरून विळी आणली आणि नऊही कंद उभे चिरले. एकेक फाक रोपासकट माझ्यात गेली. दुसऱ्या फाका तिनं पदरात टाकल्या. कुंदानं पट्टे आवळले. बक्कल तीनदा निसटलं. तीनदा! अजून किती सांगायचं असतं एका प्रेसनं? पण चौथ्यांदा ते बसलं. खालच्या कंदाचा रस माझ्या पट्टीत मुरला. तोच तो डाग.

दहा दिवसांनी चिठ्ठी लिहिली गेली. ठिकाण, तारीख, स्थानिक नाव. पुढचा रकाना होता ‘आढळ’. कुंदाची लेखणी तिथं बराच वेळ थांबली. मग तिनं त्या सुंदर अक्षरात लिहिलं: ‘विपुल’.

खाली: ‘संग्राहक – वच्छलाबाई’.

वच्छलाबाईनं नावावरून बोट फिरवलं. “आनि हाई वर काय लिखेल शे?”

“टेकडीचं नाव... आणि असंच,” कुंदा म्हणाली. तिला वाचता येत नाही याचा त्या क्षणी कुंदाला आनंद झाला. तो आनंद मी पाहिला, म्हणून सांगते. नाहीतर तिची बदनामी करायची मला हौस नाही. माझ्यावर तिचा फार जीव होता.

सर हरखून गेले. त्यांनी ते पुठ्ठे स्टाफरूममध्ये नेऊन प्रत्येकाच्या नाकासमोर धरले. हसणारे गप्प झाले. कुंदा मात्र त्या हिवाळ्यात वाळत चालली. गावाला जायची, कट्ट्याकडे मान वर करून बघायची नाही. वच्छलाबाईही काहीशी बदलली होती. टेकडीवर चला म्हटलं की, “आज नको, निंदाले जानं शे,” म्हणायची. माघ महिन्यात कसली निंदणी?

पुढच्या आषाढात सरांना पुण्याहून पत्र आलं. चिमणदिव्यावर अभ्यास करणारी दोन माणसं भाद्रपदात येणार होती. पत्रात लिहिलं होतं, आपल्या नोंदीत आढळ विपुल असल्याचे दिसते, तरी पंचवीस-तीस रोपे नेण्यास हरकत नसावी.

“वच्छलाबाईंना सांगून ये,” सर आनंदानं म्हणाले. “त्यांनाच घेऊन जाऊ दे कट्ट्यावर. मान त्यांचा आहे.”

कुंदानं मला पाठीला बांधलं. माझ्यात त्या दिवशी एकच पुठ्ठा होता, चिठ्ठीसकट. एस.टी.त ती एका हातानं माझा पट्टा घट्ट धरून बसली होती. वाटेत एका ट्रकचा हॉर्न वाजला, तर ती दचकलीसुद्धा नाही. त्यावरूनच मी ओळखलं.

वच्छलाबाई ओट्यावर शेंगा निवडत होती. “ये वं बाई. पाणी पे पहिले.”

कुंदा पाणी प्यायली नाही. उभ्या उभ्याच बोलली. न वाचलेल्या पानाचं बोलली, विसाच्या नियमाचं बोलली, ‘विपुल’ म्हणजे काय तेही बोलली. पुण्याच्या पत्राचंही सांगितलं. वच्छलाबाईचे हात शेंगांमध्येच थांबले.

“वानर ऊनं त्या दिनले?”

“हो.”

“म्हणजे वानरमुळे राहिनं.”

“वानर एकदाच आलं, वच्छलाबाई. त्यानंतर मी सहा वेळा आले.”

मग वच्छलाबाई हळू आवाजात म्हणाली, आणि त्या आवाजानं मला भिकन मिस्तरींच्या पटाशीची आठवण झाली. “माले वाचता येत नई म्हनीसन, तू मना नाववर खोटं लिखं.”

कुंदा ओट्याच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली.

“रडू नको. रडीसन काय उगस?” वच्छलाबाईनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. “मी बी तुले सांगं नई. हिलाल आबा कार्तिकम्हा आठेच ऊना व्हता. म्हने, वच्छला, मी तुले दिवा दखाडा, तू घरसुद्धा उचली लई गई! तवयपासून मी त्या कट्टाकडे गऊ नई. माले वाटनं, मनाच हात खोटा. तुले समजनं तं तू येवावूच नई, आनि मनं नाव खोडी टाकशी.”

“तुमचा हात खोटा नाही, अक्का. मी सांगितलंच नव्हतं.”

“तू सांगं नई, खरं. पण मना डोया फुटेल व्हतात का? नऊ ठी दखायनात माले. टेकडीवर नऊच. शेतम्हा बी बी-बियानं राखी ठेवतस लोक.” ती उठली. “ये, आत ये. दख.”

माजघराच्या मागे, मोरीजवळ एक फुटका डेरा होता. डेऱ्यात माती. मातीत दोन बोटं उंचीचा एक कोंब.

कुंदाला आधी कळेना. मग ती एकदम खाली वाकली.

“त्या फाका?”

“मंग! कांदा व्हई, हळद व्हई, चिरेल कंद कोणी फेकस का?” वच्छलाबाई म्हणाली. “नऊ लायनू. सहा सडी गयात. दोन उगनात, त्याम्हातला एक बकरीनी खादा. एक नुसताच पडेल शे, जित्ता शे का मरेल, देवले ठावं. हाई एक राहिना.”

त्या दुपारी कुंदानं माझे पट्टे सोडले. पुठ्ठा बाहेर काढला आणि माझ्यावरच ठेवून लिहायला घेतलं. ‘विपुल’वर तिनं एक सरळ रेघ मारली, खाली काय लिहिलं होतं ते वाचता येईल अशी. मग प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचत लिहिलं: “आढळ – या टेकडीवर एकूण रोपं...”

“थांब,” वच्छलाबाई म्हणाली. “आकडा माले येस. पातीसना आकडा मीच सांगस मुकडदमले.” तिनं लेखणी हातात घेतली, खुरपं धरतात तशी, आणि वाकडातिकडा, शेपूट फार लांब झालेला ‘९’ काढला.

कुंदानं पुढे लिहिलं: ‘सर्व काढली गेली. मोजून ठेवण्याचा नियम सांगितला गेला नव्हता. ती चूक माझी. – कुंदा’.

“आता तुमचं नाव काढू का इथून?” तिनं विचारलं.

“काब्र काढस? मीच काढेल शेतस नई का? ऱ्हाऊ दे. पण खरं लिख.”

सरांना सांगणं त्याहून अवघड होतं. मी टेबलावर होते. सर एकदाही ओरडले नाहीत. चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा पुसला, आणि म्हणाले, “ही चिठ्ठी आधी माझ्याकडे यायला हवी होती.” मग पुण्याला पत्र लिहिलं. स्टाफरूममध्ये पुन्हा काय काय बोललं गेलं, ते मी सांगत नाही. गावाचा वर्ग मात्र बंद झाला नाही. फक्त पहिल्या दिवशीचा पाठ सरांनी कुंदाकडून काढून घेतला आणि वच्छलाबाईला दिला. ती नव्या माणसांसमोर मला ठेवते, तो डाग दाखवते, आणि रजिस्टर न उघडता सांगते, “पहिले मोजा, मंग वाका.” कुणी हसलं तर हसू देते. मग नऊची गोष्ट सांगते. त्यानंतर कुणी हसत नाही.

तो कोंब दोघींनी मिळून कट्ट्यावर नेऊन लावला. भोवती दगड रचले, बोरीचे काटे टाकले. हिलाल आबा काठी टेकत वर आले आणि लांबूनच पाहून गेले. पुढच्या वर्षी ते वारले. दिवा पुन्हा लागलेला त्यांनी पाहिला नाही. तिसऱ्या भाद्रपदात त्याला दोन फुलं आली. शेंग मात्र धरली नाही. आसपास दुसरं रोपच नाही. माशीनं पराग आणायचे तरी कुठून?

आता सत्त्याण्णव साल आहे. कुंदा सावद्याला शाळेत शिकवते. सर निवृत्त झाले, जाताना त्यांनी मला वच्छलाबाईकडे ठेवलं. तिच्या घरात मी खुंटीवर असते. माझे नवारीचे पट्टे तुटले, तेव्हा तिनं आपल्या जुन्या लुगड्याचे काठ शिवून लावले. वर्षातून दोन-तीनदा काम निघतं. जे रोप रानात उदंड आहे, तेच तेवढं माझ्यात येतं.

दर भाद्रपदात सावद्याहून एक कार्ड येतं. त्यावर पत्ता आणि एकच शब्द असतो: ‘किती?’ वच्छलाबाई टेकडीवर जाऊन येते आणि उलट कार्डावर एक आकडा काढून पाठवते. आजवर सहा कार्डं गेली. सहाही कार्डांवर ‘१’.

यंदाचं कार्ड परवा आलंय. उद्या सकाळी ती कट्ट्यावर जाईल. जाताना मला घेत नाही, खुरपंही घेत नाही. रिकाम्या हातानं जाते. ते बरंच करते.

माझं तुम्हांला मागणं फार नाही. कधी तुमच्या हातात माझ्यासारखी एखादी प्रेस आली, समोर पाटीत ताजं, सुंदर, दुर्मिळ काही असलं, आणि आणणारं माणूस शाबासकीसाठी तुमच्याकडे बघत असलं, तर शाबासकी जरूर द्या. पण बक्कल लावण्याआधी विचारा, मागे किती राहिली. आणि उत्तर ऐकून तोंडाला कोरड पडली, तरी ‘छान’ म्हणू नका. माती ओली असते तोवर परत जाता येतं.